तुझा डाव मी बंद केला

प्रिय आई,

काल दादा नागपूरहून आला आणि आपल्या डोंगराच्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग घेऊन आला. आज दुपारी एकटीनं कॅसेट लावून पाहिली आणि इतका राग आला की कोणाजवळ तरी बोलल्याशिवाय राहवेना. आता या घरात अशा गोष्टी कोणाशी बोलणार? बाबा तहसीलमध्ये गेले आहेत, दादा झोपला आहे. आणि ज्या एका बाईला हा राग कळला असता तिला जाऊन वर्ष होऊन गेलं. म्हणून हे पत्र.

ऐक. आपल्या टोपीवाल्या माणसाच्या हातात त्यांनी बंदूक दिली आहे. वरून गोटा गडगडत आला की उडी मारायची नाही, वाकायचं नाही, दम धरून उभं राहायचं नाही. बटण दाबायचं, की गोटा फुटतो. मग डोंगर कशाला हवा होता? गोटे काय, सपाट रस्त्यावरही फोडता आले असते.

आणि पडलं तरी काही बिघडत नाही आता. तिन्ही जीव संपले की गेमच विचारतो, पुढे खेळायचं का? हो म्हटलं की जिथं पडलो तिथूनच सुरू. नवव्या डोंगराला पोचायला आपल्याला सव्वा वर्ष लागलं होतं, आठवतं ना? आज मी तासाभरात पोचले आणि मला काहीही वाटलं नाही. उठून पाणी प्यायले, बस.

सहा वर्षांपासून मी हे खेळते आहे, तेव्हा एवढं म्हणायचा हक्क मला आहे. नाव तेच, खोका तसाच, वरचं चित्रही तेच; फक्त ज्यासाठी आपण जीव टाकत होतो तेच काढून टाकलं. बनवणाऱ्यांना वाटत असेल, अडचण काढली की गंमत वाढेल. त्यांनी तुला एकदा विचारायला हवं होतं.

तुझं उत्तर मला ठाऊक आहे. दादाच्या मित्राकडून मी विमानांच्या लढाईची कॅसेट मागून आणली होती, तेव्हा तू पाच मिनिटं पाहिलंस आणि म्हणालीस, "याच्यात नुसते मारूनच राहिले वं सारे. चढून तं कोणीच नाही राहिलं." आणि तांदूळ निवडायला निघून गेलीस.

तांदळावरूनच तर सुरू झालं होतं सगळं. गेमचा डबा दादासाठी आला, तो दहावी झाला म्हणून. पुढे तो शिकायला छिंदवाड्याला गेला आणि डबा कपाटावर धूळ खात पडला. मी तो खाली काढला. तू सुपात तांदूळ घेऊन माझ्या मागे बसायचीस, आणि मला वाटायचं, तुझं लक्ष खड्यांकडे आहे. एक दिवस मागून आवाज आला, "बेबी, त्याले डावीकडून ने ना. किती वेळची पाहून राहिली मी, तू तिथंच पडते." मी चिडून खेळायची दांडी तुझ्या हातात दिली. तू डावीकडून नेलंस आणि तो गेला वर!

मग रोज दोन ते चार. बाबा ऑफिसात, दाराला कडी, टीव्हीचा आवाज अगदी बंद, शेजारी जाऊ नये म्हणून. एकजण पडली की दुसरीचा डाव. शेजारच्या काकूंनी कडी वाजवली की डब्यावर पंचा पडायचा आणि तू कणकेच्या डब्यात दोन्ही हात बुडवून दार उघडायला जायचीस. काकू म्हणायच्या, "बाई, तुम्ही तं दुपारीही टेकत नाही." तू मान खाली घालून हसायचीस आणि मी आतल्या खोलीत तोंडात ओढणी कोंबून बसायचे.

मी शिकवायला गेले तर केवढा तोरा! "गोटे चुकवणं मले नको शिकवू. मी सावरगावची हावो." तुझं माहेर नदीच्या त्या काठावरचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या पात्रात समोरासमोर उभे राहून एकमेकांवर गोटे भिरकावतात, ते तू लहानपणी माडीवरून पाहायचीस. तुझ्या भावांचं पाहून तू हे शिकलीस. "पयणाऱ्याले लागते. गोट्याकडे पाहून उभं राहणाऱ्याले नाही लागत." तू खरंच तसं खेळायचीस. मी धावायचे आणि पडायचे. तू उभी राहायचीस, पाहायचीस, आणि एक पाऊल बाजूला.

आणि रोज एकच ताकीद. "कोणाले सांगू नको. म्हणतील, बाईले येड लागलं." मी कोणाला सांगितलं नाही. बाबांना नाही, दादालाही नाही.

आई, आता जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं तर मी बसले आहे. गेमचा राग हे निमित्त.

त्या शेवटच्या आठवड्यात तू पहिल्यांदा दहाव्या डोंगरावर गेलीस. त्याच्या आदल्या दिवसापासून तू डावा हात झटकत होतीस. खांदा चोळत होतीस. "हात भरून येऊन राहिला बापा," म्हणालीस. मी काय म्हटलं, आठवतं? "दांडी किती घट्ट धरतेस, दुखणारच." तुलाही पटलं. मी बाम चोळला आणि तू परत खेळायला बसलीस. दोन दिवस, आई. दोन दिवस मी तुझ्या हृदयाचं दुखणं गेमच्या दांडीवर ढकललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुला घाम फुटला. तू स्वतःच थांबवायचं बटण दाबलंस आणि भिंतीला टेकलीस. मी टीव्ही बंद केला, डब्यावर पंचा टाकला आणि काकूंच्या मुलाला बाबांकडे पळवलं. तुला नागपूरला न्यायला जीप आली. मी तुझ्या पायांत चपला घालत होते, तेव्हा तू वाकून माझ्या कानात म्हणालीस, "ते बंद नको करू वं. माझा डाव हाये."

मी नाही केलं बंद. टीव्ही काळा, पण डब्याचा लाल दिवा पंच्याखाली चालू. आत तुझा माणूस दहाव्या डोंगरावर अर्ध्यात उभा. आपल्या सौंसरात रोज जाणारी लाईट त्या दोन दिवसांत एकदाही गेली नाही. मला वाटलं, हा शकुन आहे. मी जामसांवलीच्या मारुतीला नारळ बोलले आणि डब्याला हात लावून पाहत राहिले, किती तापला आहे ते.

मग किराणा दुकानाच्या फोनवर नागपूरहून बाबांचा ट्रंककॉल आला.

तुला बैठकीत आणून ठेवलं, टीव्हीच्या समोरच. बायकांनी खोली भरली होती. आत्याला पंच्याखालचा लाल दिवा दिसला. तिनं पंचा उचलला. "घरात मयत हाये आन् हे काय सुरू ठेवलं वं? कोणाचं हाये हे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकले असते, आईचं आहे. आईचा डाव आहे, राहू द्या. तू तिथंच होतीस. मी म्हटलं, "दादाचं आहे, चुकून राहिलं." आणि मी माझ्या हातानं बटण बंद केलं.

त्याच जागेवर मग तुझा दिवा लावला. दहा दिवस तो विझू नये म्हणून आम्ही पाळ्या लावल्या, वाऱ्याला आडोसा केला, तेल घालत राहिलो. आत्या म्हणाली, पोरगी किती मन लावून दिवा सांभाळते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तू मला एकच गोष्ट चालू ठेवायला सांगितली होतीस आणि ती हा दिवा नव्हती.

त्याच दिवसांत बाबांनी विचारलं, "डॉक्टर म्हणे, आधी हात दुखला असंन. तुले काही म्हणाली होती का?" मी नाही म्हटलं. कारण हाताचं सांगितलं असतं तर दांडीचं सांगावं लागलं असतं, आणि दांडीचं सांगितलं तर तुझं. एक झाकायला गेले आणि सगळंच झाकून बसले.

तरीही मी गप्पच राहिले असते. पण तुझ्या वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर बाबा ओसरीवर बसले होते, आणि पाहुण्यांना सांगत होते, "तिनं जन्मात कशाची हौस नाही केली. घरातलं काम भलं आन् ती भली. टीव्हीचा तं आवाजही सहन नाही होत होता तिले." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पानाचं तबक घेऊन दारात उभी होते. वाटलं, हे कोणत्या बाईबद्दल बोलून राहिले सगळे?

तू मला गप्प राहायला का सांगितलंस गं? दुपारचे दोन तास स्वतःसाठी खेळणं, एवढं काय पाप होतं त्यात? बाबा रागावले असते का? मला तर वाटतं, चौथ्या दिवशी तेही सूप घेऊन मागे बसले असते. आपण त्यांना कधी विचारलंच नाही. आता तुझ्यामागे ते एका अशा बायकोसाठी रडतात जिला काहीच आवडत नव्हतं. हे मला बघवत नाही.

म्हणून ठरवलं आहे. बाबा साडेपाचला येतील. चहा देईन आणि समोर बसेन. आधी हाताचं सांगेन, कारण ते एकदा तोंडातून निघालं की मला मागे फिरता येणार नाही. ते काय म्हणतील माहीत नाही. कदाचित कितीतरी दिवस माझ्याशी बोलणार नाहीत, आणि तेही मी सोसेन. मग सांगेन, बाबा, आईला हौस होती. दार लावून, आवाज बंद करून ती खेळायची, माझ्याहून चांगली. तुम्ही तिला जीपमध्ये बसवलंत तेव्हा ती जिंकत होती.

तू नको म्हणाली होतीस तरी सांगेन, आई. हा एवढा शब्द तुझा मोडते.

तुझी,
बेबी