बॉनेटवरचा पेला

रविवार, ४ फेब्रुवारी

गाडी सुरू झाली. बंद पडली. सुरू झाली. बंद पडली. शेजारच्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "आज तरी निघणार का हो?" — निघायचंय कुठं! आमची गाडी कुठं जाण्यासाठी नसतेच. ती धुवायची, पुसायची, तिचं पोट उघडून बघायचं आणि परत मिटायचं. रंग बाटलीसारखा हिरवा, वय माझ्याहून दोन वर्षांनी जास्त, आणि कोडकौतुक किती जास्त ते लिहीत नाही, उगाच माझा दिवस खराब व्हायचा.

माझं पद टॉर्च धरणारी. निवृत्त झाल्यापासून सात वर्षं तेच. बढती नाही. "इकडे धर. इकडे म्हणजे तिकडे नव्हे!" हे ऐकत उभं राहायचं. एक पगारी रजासुद्धा नाही.

पंचवीस तारखेला जुन्या गाड्यांच्या क्लबाचा मेळावा. आणि या वर्षी स्वारी म्हणते, "पेल्याच्या स्पर्धेत भाग घ्यायचा नाही." तीनदा जिंकलेला माणूस! मला तर शंकाच आली.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज कार्बुरेटर. यांनी स्क्रू फिरवला, मान डोलावली, म्हणाले, "झालं. मस्त."

मस्त कसलं डोंबलाचं! इंजिन घुर्र-घुर्र करत मधेच दम खात होतं. मी एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत. पलीकडे रिसीव्हर नवऱ्याने उचलला की बायकोने, ते 'हॅलो'च्या आधी सांगायचे. आणि हे मला म्हणतात मस्त!

दुपारी स्वारी घोरायला लागल्यावर खाली गेले. गाडी सुरू केली. तो पितळी स्क्रू, माझ्या करंगळीच्या नखाएवढा — डावीकडे जरासा, अर्ध्या फेऱ्याहूनही कमी. इंजिनाचा आवाज एकदम सरळ झाला. इतका सरळ की मला हसूच आलं. सात वर्षं टॉर्च धरून काय शिकलीस म्हणून कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं इतकंच.

हात साबणाने तीनदा धुतले. वास गेला नाही. संध्याकाळी हे म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय का?" मी म्हटलं, तुमच्याच अंगाला. चोराच्या उलट्या बोंबा.

बुधवार, ७ फेब्रुवारी

बशा बदलायला हव्यात. सकाळी यांनी कप उचलला की बशी कडकड वाजते. बूड सपाट नसावं. अर्धाच कप चहा घेतात हल्ली — "जास्त नको." दाढीही वाढवलीय. विचारलं तर म्हणतात, "कलाकार दिसतो ना?" म्हटलं, दिसता खरे. भूमिका न मिळालेला.

शनिवार, १० फेब्रुवारी

परत तेच. यांनी बिघडवायचं, मी झोपेत सुधारायचं. म्हणजे यांच्या झोपेत.

पण आज कोडं सुटलं. स्क्रूड्रायव्हर यांच्या हातातून फरशीवर खणकन पडला. हे ढिम्म. खाली बघितलंसुद्धा नाही. टेलिफोन वाजतो तेव्हा हल्ली उचलायला उठत नाहीत. इंजिन खोकतं, हे म्हणतात मस्त. दोन अधिक दोन. कान गेले!

लगेच धाकटीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, ऐकू येत नसेल तर गाडी चालवायची नाही म्हणजे नाही. किल्ली काढून घे. गाडी देऊन टाका क्लबातल्या त्या डेंटिस्टना, ते कधीपासून मागतायत." पोरीला मी काय सांगायला गेले नि काय होऊन बसलं. किल्ली काढून घेतली तर हा माणूस दिवसभर करेल काय? माझ्या डब्यांना लेबलं लावेल! नाही बाई. किल्ली राहायला हवी. गाडीसाठी नव्हे, माझ्या स्वयंपाकघरासाठी.

थोडं यांच्यासाठीही. गाडीखालून बाहेर येताना यांचा चेहरा असतो ना, तो दुसऱ्या कशानेच तसा होत नाही. मुलगी झाली, असं मी सांगितलं तेव्हा झाला होता.

रविवार, ११ फेब्रुवारी

आज तोंडावरच बोलले. हे परत स्क्रूशी झटत होते. म्हणाले, "याची खाच झिजलीय. धरतच नाही." मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं! खाच नाही झिजली, कान गेलेत तुमचे."

आता तोफ सुटणार म्हणून मी टॉर्च घट्ट धरला. पण हे स्क्रूड्रायव्हर पुसत बसले. मग म्हणाले, "असेल बाई. कानच गेले असतील."

माझं बरोबर आहे असं संसारात पहिल्यांदा कबूल केलं! तारीख लिहून ठेवली आहे, वर बघा.

मग मी स्क्रूड्रायव्हर मागितला. दिला की! मी स्क्रू लावला, दोन मिनिटांत. हे बघत राहिले. "कधी शिकलीस?" म्हटलं, "तुम्ही ओरडत होता तेव्हा." टॉर्च आता यांच्या हातात. पण धरायची अक्कल नाही — उजेड सगळीकडे नाचतो. म्हटलं, "एका जागी धरा हो, तमाशा आहे का?" सात वर्षांचं उट्टं एका वाक्यात निघालं. फार बरं वाटलं.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

क्लबाचे सेक्रेटरी आले होते. गळ्यात शिट्टी असते, म्हणून शिट्टीमास्तर. घरात चहा पितानासुद्धा ती काढत नाहीत. मेळाव्याचा फॉर्म घेऊन आले. यांनी माझ्याकडे सरकवला — "तूच भर, चष्मा वर राहिलाय." चष्मा कपाळावर होता.

मी भरला. गाडी: हिरवी. मालक: हे. पेल्याची स्पर्धा: होय. हे म्हणाले, "अगं, नको म्हटलं ना!" मी म्हटलं, "ऐकू आलं नाही."

शिट्टीमास्तरांना विचारून घेतलं, मदतनीस चालतो का. "मेकॅनिक चालत नाही. घरचं माणूस चालतं." झालं तर मग. त्या डेंटिस्टची लाल गाडी दर महिन्याला मेकॅनिककडे जाते, आणि हा गृहस्थ मेळाव्यात बाह्या सरसावून उभा! स्क्रू डावीकडे फिरतो की उजवीकडे, हे दातांना विचारून सांगेल.

सोमवार, १९ फेब्रुवारी

नव्या बशा आणल्या. जाड बुडाच्या. सहा.

सगळे स्क्रू बिघडवून लावण्याचा सराव: अकरा मिनिटं. मेळाव्यात दहाच मिळतात. उद्या नऊ व्हायला हवीत.

मंगळवार, २० फेब्रुवारी

नऊ! हे म्हणाले, "आधी पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, मग ऐक. घाई करू नकोस. ती स्वतः सांगते." ती म्हणजे गाडी. माझ्याशी इतक्या मऊ आवाजात शेवटचं कधी बोलले होते देव जाणे. कान गेल्यापासून माणूस सुधारलाय.

नवी बशीही वाजते. हल्ली कशालाच दर्जा नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी

जिंकलो!!

नीट लिहिते. शाळेच्या मैदानावर एकवीस गाड्या आणि एकवीस पोटं पुढे आलेले मालक. जाताना हे गाडी इतकी हळू चालवत होते की एक सायकलवाला आम्हाला दोनदा ओलांडून गेला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं आवळलं होतं, जणू कुणी पळवून नेतंय. मी हॉर्न ऐकण्याचं काम केलं. "मागून ट्रक. डावीकडे स्कूटर." एक्स्चेंजचीच नोकरी, फक्त खुर्ची हलती.

पेल्याचा नियम असा. शिट्टीमास्तर प्रत्येकाचे स्क्रू स्वतः बिघडवतात. मग दहा मिनिटं. मग चालू गाडीच्या बॉनेटवर टीपकागद, त्यावर काठोकाठ भरलेला काचेचा पेला. एका मिनिटात ज्याचा कागद कमीत कमी भिजेल तो जिंकला. आणि जिंकणाऱ्याने ते पाणी सगळ्यांसमोर उभ्याने, एका दमात प्यायचं, बाकीच्यांनी हॉर्न वाजवायचे. का? ते कुणालाच माहीत नाही. पुरुषांचे क्लब असेच चालतात.

यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे दिला तेव्हा डेंटिस्ट म्हणाले, "अरे वा, आज वहिनी मैदानात! साडीला ग्रीस लागेल हं." मी म्हटलं, "तुमच्या शर्टाला कधीच कसं लागत नाही हो?" शिट्टीमास्तरांची शिट्टी हसण्याने आपोआप वाजली.

आधी पूर्ण आत. दीड बाहेर. ऐकलं. मैदानावर एवढा गोंगाट, पण मला फक्त आमची गाडी ऐकू येत होती. पाव फेरा. परत ऐकलं. मग ती जी लागली! पेला ठेवला. पाणी काठावर फुगून उभं, हलायचं नाव नाही. एक थेंब. फक्त एक थेंब. लाल गाडीच्या कागदाचा तर लगदा झाला होता.

मग सगळे ओरडायला लागले, "पाणी! पाणी!" हे पेला मला द्यायला लागले — "तू पी. तू जिंकलीस." मला वाटलं, मोठेपणा दाखवतायत. म्हटलं, "नाटकं करू नका. मालक तुम्ही. उचला!" सगळ्यांनी हॉर्न सुरू केले. यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी पेला उचलला — आणि निम्मं पाणी दाढीवर, निम्मं शर्टावर! काच दातांवर टकटक वाजली. डेंटिस्ट म्हणाले, "सावकाश, दात माझ्याकडेच आणावे लागतील!" मैदान हसलं. हेही हसले. सर्वांत मोठ्याने मी हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

येताना म्हटलं, "बघा, कान नसले तरी अडत नाही. मी आहे ना." हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "हो. तू आहेस."

मंगळवारी कानांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. एक यंत्र बसवून घेतलं की धाकटीचं तोंड बंद, किल्ली जागच्या जागी. यायला तयार नव्हते. दामटलं.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान ठणठणीत आहेत. तरुणालाही लाजवतील.

मी भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाईंनी कागद पुढे सरकवला — इथे सही करा. यांनी पेन उचललं. बाई कागदाकडे न बघता यांच्या हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "कधीपासून थरथरतोय?"

"वर्ष झालं."

बाहेर बाकावर बसलो. हे म्हणाले, "कान गेलेल्याला लोक शेजारी बसून रस्ता सांगतात. हात गेलेल्याची किल्ली काढून घेतात. तू कान म्हणालीस, मी हो म्हटलं."

मी हसले होते. सगळ्या मैदानात मी सर्वांत जास्त हसले होते.

वर्षभर रोज सकाळी ती बशी माझ्यासमोर वाजत होती. आणि मी बशा बदलल्या.