कापलेल्या अठरा फ्रेम

चिऊ,

सवयीने नावाआधी 'चि.' लिहिलं, मग खोडलं.

लहानपणी तू ज्यात ढगातली मुलगी झालीस, त्या सिनेमाची एकच प्रत उरली आहे, ती माझ्याकडे. संग्राहक तिच्यावर जीव टाकतात. ती मी एकट्याने दुरुस्त केली, कुणाकडे शिकायला न जाता.

दवाखान्यात तू विचारलंस, "दादा, शेवटी मी तुझ्याकडे बघून हसते, ते आहे ना रे? की तिथंही शहाणपणा केलास?"

"आहे गं, वेडाबाई."

तू खूश झालीस. तिसऱ्या दिवशी गेलीस.

चिऊ, ते नाही. शूटिंगला तुला मीच न्यायचो. शॉट संपला असं वाटून तू कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहून हसलीस. दुरुस्ती करताना ढगातल्या मुलीने भलतीकडे बघणं मला चूक वाटलं. त्या अठरा फ्रेम मी कापल्या, कचऱ्यात टाकल्या आणि फिल्मची टोकं जोडली.

काल एक संग्राहक म्हणाला, "एकही खोट नाही हो." खरंच, तो जोड भिंगाखालीही दिसत नाही. फक्त माझ्या बोटाला लागतो. रोज लावून बघतो.

तुझा,
दादा