रेसवाल्यांचे शर्ट, मुक्काम कोरगाव

१२ मे
तुयेचा कारखाना आजपासून माझ्याविना. बॅगा शिवायचा विभाग बंद केला, आम्ही अकरा जणी सुटलो. मी एकोणीस वर्षं तिथे, शेवटची सहा सुपरवायझर. मॅनेजर म्हणाले, "नवी ऑर्डर आली तर पहिला फोन तुम्हाला, शुभाताई." जुनी मशिनं विकून टाकत होते, कडा शिवणारं एक ओव्हरलॉक मी घेतलं. टेम्पोत कोरगावपर्यंत त्याच्यावर हात ठेवून बसले.
नवरा, अनंत, फेरीबोटीवरची ड्युटी संपवून आला तर मशीन दारात. "ह्याच्यार आता काय शिवतलंस गो?"
ठाऊक नाही म्हटलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली.

१९ मे
रविवार. विश्रामकाका सोप्यावर बसून मोबाइलवर उटीची घोड्यांची रेस बघत होते. अनंतचे हे धाकटे काका, वय चौऱ्याहत्तर, लग्न केलं नाही. अडतीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर जॉकींचे कपडे सांभाळले. प्रत्येक घोडामालकाचे ठरलेले रंग असतात, त्या रंगांचा रेशमी डगला. तो धुवायचा, इस्त्री करायची, उसवला तर टाका घालायचा, रेसच्या आधी जॉकीच्या अंगावर चढवून बटणं लावायची. स्वतः एकदाही पैसे लावले नाहीत. अकरा वर्षांपूर्वी घरी आले ते कायमचे. बोलणं अजून अर्धं तिकडचं.
आज रेस संपल्यावर कॅमेरा लोकांवर फिरला. काका कुरकुरले, "हा बघ, क्रिकेटचा शर्ट घालून आलाय. त्याच्या बाजूचा फुटबॉलचा."
"मग काय घालायचं त्यांनी?"
"तेच तर. त्यांच्यासाठी कोणी काही केलंच नाही."
इतकंच. पण दुपारभर तेच डोक्यात. इथे गोव्यात, आपल्या पेडण्यात, मॅच असली की पोरं आपापल्या टीमचे शर्ट घालून हिंडतात. रेसवाल्यांनी काय घोडं मारलंय. (घोडं मारलंय. लिहून झाल्यावर हसले.)

२१ मे
घरच्या जुन्या शिलाई मशीनवर नमुना शिवला. पिवळा कॉटन शर्ट, त्यावर आडवे लाल पट्टे, बाह्या काळ्या. उटीच्या रेसमध्ये पाहिला होता तसाच. मुलीला, मनूला, घालायला लावला. काकांनी बघितला नि म्हणाले, "काढ तो."
वाटलं शिवण चुकली.
"शिवण बरी आहे. रंग चोरीचे आहेत. ते एका मालकाचे आहेत, जिवंत आहे तो."
मी म्हटलं, शर्टच तर आहे.
"घोडा लांबून ओळखू येत नाही, रंग ओळखू येतो. रंग म्हणजे मालकाचं तोंड. दुसऱ्याचं तोंड लावून फिरायचं काय?"
राग आला. जेवताना बोलले नाही. पण माणूस बरोबर आहे.

२३ मे
काकांनी स्वतःच मनूच्या रंगीत पेन्सिली मागून घेतल्या. सकाळपासून वहीत डगले काढतायत. मी एकेक जोडी सुचवायची, त्यांनी डोळे मिटायचे. "हिरवा, पांढरी चौकट."
"आहे एकाचा. हैदराबादला."
"जांभळा, बाहीवर पिवळे ठिपके."
काकांनी बोटांवर मालक मोजले. "नाही. हा कोणाचा नाही."
असे सहा निघाले. सहाही आपले. आमसुलाचा रंग नि त्यावर तांदळाच्या पिठासारखा पांढरा आडवा पट्टा, तो मला सगळ्यांत आवडला.
शिवाय खिसा. काका म्हणाले, रेसवाल्याला रेसबुक लागतं, त्यात कुठला घोडा, कुठला जॉकी, वजन किती ते सगळं. माणूस ते गुंडाळून पॅन्टच्या खिशात खुपसतो, घामाने भिजतं. तर शर्टाला आतून लांब खिसा, पुस्तक उभं मावेल असा, आणि बाजूला पेन्सिल खोचायला घडी. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

२ जून
कारखान्यातली लक्ष्मी यायला लागली. सातार्ड्याची, काज करण्यात तिचा हात धरणारी कोणी नाही. नाव ठरलं: टाप. मनूने चार नावं काढली होती इंग्रजीतली. काका म्हणाले, "लोक आधी टापच ऐकतात. घोडे वळणावर दिसत नसतात तेव्हा सगळं स्टँड गप्प होतं, नि मग टाप येते." मनूने तिचा कागद फाडून टाकला.

११ जून
मनूने फोटो टाकले, अंगात शर्ट घालून अनंत उभा, फेरीबोटीवर, मागे तेरेखोलचा किल्ला. घोड्याचा पत्ता नाही. तरी पुण्याहून एका जोगसाहेबांचा मेसेज. बँकेतून रिटायर, चाळीस वर्षं एकही सीझन चुकवला नाही. त्यांच्या मित्रमंडळाला बारा शर्ट हवेत. पहिल्या रेसच्या दिवशी घालणार.
लक्ष्मीने विचारलं, "बारा? एकदम?" आणि पदराने मशीन पुसायला लागली.

१८ जून
बारा तयार. पाठवणार होते आजच. काका म्हणाले, "एक धुऊन बघितलास?"
नाही बघितला. कारखान्यात बॅगा कोण धुतं.
धुतला. आमसुली रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरला, गालबोट लावल्यासारखा. बाराच्या बारा वाया. काका तो ओला शर्ट दांडीवर घालत म्हणाले, "माझ्या पहिल्या वर्षी मी एका राणीसाहेबांचा गुलाबी डगला निळा केला होता. तरी ठेवलं मला."

१९ जून
डिचोलीला गेले, कापड तिथूनच घेतलं होतं. दुकानदाराला शर्ट दाखवला. मला वाटलं होतं हात झटकेल. त्याने चष्मा लावला, कापड चोळलं, म्हणाला, "हें म्हजेंच चुकलें, बाय. पक्को रंग म्हणून दिल्लें." बदलून दिलं. वर विचारलं, "खंयच्या क्लबाचे गो हे शर्ट?" घोड्यांच्या रेसचे म्हटल्यावर बघतच राहिला. येताना त्याने अख्खा तागा बसमध्ये चढवून दिला.
जोगसाहेबांना कळवलं, आठ दिवस उशीर. त्यांचा जबाब: "घोडा उशिरा सुटला तरी चालतो, सुटला पाहिजे."

६ जुलै
बारा पोचले. फोटो आला, बारा म्हातारे ओळीत, पोटं पुढे, आमचे रंग. काकांनी फोटो मोठा करकरून प्रत्येकाची कॉलर तपासली.
जोगसाहेब म्हणतात, पुण्याला या. गेटासमोरचा हॉटेलवाला ओळखीचा आहे, पडवीत दोन टेबलं देईल. रेसच्या दिवशी निदान पन्नास शर्ट जातील.
काकांना म्हटलं, आपण दोघं जाऊ. ते उठले नि आत गेले.

७ जुलै
अनंतने आज सांगितलं. इतकी वर्षं मला हे माहीतच नव्हतं.
इगू नावाचा जॉकी होता, आपल्याच शिवोलीचा. सतरा वर्षांचा असताना पुण्याला आला तेव्हापासून काका त्याचे कपडे बघायचे. जवळजवळ वीस वर्षं. मग तो पडला, घोडा अंगावरून गेला. कंबर नि उजवा पाय. काका हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच परतले. महिन्याभरात नोकरी सोडून कोरगावला. इगू अजून पुण्यातच असतो, पण भेटले नाहीत, फोन नाही, पत्र नाही.
आता कळतं, रेस बघताना कोणी पडलं की मोबाइल पालथा का घालतात.
काकांना काही विचारलं नाही. लक्ष्मीला घेऊन जाईन म्हटलं.

१० जुलै
सकाळी पाववाल्या पोदेराची सायकल वाजली, उंडे घ्यायला बाहेर आले तर काका आधीच तिथे, दाढी करून.
"तिकीट काढलंस काय?"
"आमच्या दोघींचं."
"तिसरं काढ."
मग पाव फोडत, माझ्याकडे न बघता: "तो मला विचारणार होता, परत घोड्यावर कधी बसणार. मला उत्तर माहीत होतं. म्हणून आत गेलो नाही."
मी चहा ओतला.

२० जुलै, पुणे
पडवीतली दोन टेबलं, चौसष्ट शर्ट. सकाळी लोक नुसते हात लावून जात. एकाने विचारलं, "हा कुठल्या मालकाचा?" काकांनी खुर्चीतूनच सांगितलं, "कोणाचा नाही. घालेल त्याचा." तो माणूस गेला आणि चार मित्रांना घेऊन आला. मग मला मान वर करायला फुरसत नाही. खिसा दाखवला की लोक हसतात, रेसबुक घालून बघतात, काढतच नाहीत. जोगसाहेबांचे बारा जण आमच्याच शर्टांत गेटावर उभे.
तीन बायकांनी वेगवेगळं येऊन तेच विचारलं, आमच्यासाठी काय आहे? लक्ष्मी म्हणाली, पुढच्या वेळेला. मी काही ठरवलेलं नसताना.
तिसऱ्या रेसनंतर एक माणूस काठी टेकत आला. लहान चणीचा, पन्नाशीच्या आसपास. टेबलावरचा आमसुली शर्ट उचलला, उलटा केला, शिवण बघितली. काका उभे राहिले.
तो म्हणाला, "बाही अर्धा इंच मोठी आहे."
काका म्हणाले, "जॉकीची नव्हे ती. माणसाची आहे."
मला कळलं कोण ते, लक्ष्मीला नाही कळलं, ती माप विचारायला पुढे होत होती, मी तिचा हात धरला. त्याने काठी टेबलाला टेकवली, दोन्ही हात थोडे बाजूला घेऊन उभा राहिला, लहान मूल राहतं तसा. काकांनी शर्ट चढवला. खालून वर बटणं लावत गेले. एकही बटण चुकलं नाही. कॉलर सारखी केली.
"अंकल," इगू म्हणाला, "इकरा वर्सां लागलीं तुका."
"हो, अकरा."
"हांव दर दिसा दाराकडेन पळयतालों."
रोज दाराकडे बघायचा म्हणे, हॉस्पिटलात. काकांनी इगूच्या खांद्यावरून नसलेला दोरा झटकला. मग दोघं आत जाऊन चहा प्यायले. चौथी रेस, पाचवी रेस, तरी आतच.

२३ जुलै, कोरगाव
घरी. काका बसमध्ये झोपले ते सावंतवाडीपर्यंत. अनंतने विचारलं, भेटला काय? काका म्हणाले, "जाड झालाय." आणि माडाखाली पडलेले नारळ गोळा करायला गेले.

४ ऑगस्ट
पुण्याहून पार्सल. एकाने शर्ट परत पाठवला. चिठ्ठी: "ह्या शर्टात दोन रविवार हरलो. शर्ट उत्तम आहे, पैसे नकोत. फक्त घरात ठेवायला बायको तयार नाही. दुसरा रंग पाठवा." जांभळा पाठवला. परत आलेला अनंतने घेतला. बोटीवर घालून जातो, म्हणतो फेरीला हरणं-जिंकणं नसतं.

१६ ऑगस्ट
इगूचा फोन आता रोज संध्याकाळी. बोलतात काय तर नव्वदच्या दशकातल्या घोड्यांबद्दल. आज काकांनी फोन माझ्याकडे दिला. इगू म्हणाला, बंगलोर, म्हैसूर, हैदराबाद, सगळीकडे त्याचे जुने सोबती आहेत, सीझनला तो शर्ट घेऊन फिरेल. "हांव घोड्यार बसूंक शकना, बसींत बसूंक शकतां."
मी हो म्हणून बसले. मग हिशेब केला, म्हणजे बोटांवर: दोन मशिनं, दोघी बाया. तीन शहरं.

२१ ऑगस्ट
कारखान्यातून मॅनेजरांचा फोन. रेनकोटची मोठी ऑर्डर, तीन वर्षांचं काम. सुपरवायझर म्हणूनच, यावेळी कायम. सप्टेंबरपासून. लक्ष्मीलाही घेतील. दोन दिवसांत कळवा.
लक्ष्मीला सांगितलं. ती म्हणाली, "तू जातलंस तर मी येतंय. तू रवतलंस तर मी रवतंय." म्हणजे सगळं माझ्यावर.
अनंत म्हणतो कायम ते कायम. मग थोड्या वेळाने म्हणतो, पण तू तिथून अशी कधी घरी येत नव्हतीस. अशी म्हणजे कशी ते विचारलं तर म्हणाला, अशी हसत.
काका ऐकून मनूच्या पेन्सिली घेऊन बसले. चतुर्थी जवळ आली, गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीची तयारी पडून आहे.

२३ ऑगस्ट
बायकांसाठी कुर्ता कापला, पहिलाच. निळा, गळ्यापासून तिरका पांढरा पट्टा, खिसा डावीकडे. काकांनी निळ्याची तपासणी केली, कोणाचा नाही. पुण्याच्या त्या तिघींपैकी एकीने माप पाठवलं होतं, तिच्याच मापाचा.
कात्री अर्ध्यात होती तेव्हा फोन वाजला. कारखान्याचा. लक्ष्मी बघत राहिली. म्हटलं वाजू दे, तिरकं कापड आहे, हात थांबला तर कड वाकडी येते. वाजून थांबला.
कड सरळ आली. दोन्ही बाह्या कापून झाल्या, लक्ष्मीने पट्ट्यासकट कुर्ता कच्चा टाचला, मनूला घातला, ती आरशापुढून हलेना. आता मॅनेजरांना उलट फोन करून नाही सांगायचंय. चार वाजेपर्यंत असतात ते. तीन वाजून दहा मिनिटं झालीत, मी काज कुठे घालायची त्याच्या खुणा करतेय.