माझा तंबू कोणासाठी उभा राहील

मी, आडेलिना रामोखेले, वय एकाहत्तर, विधवा, राहणार एव्हाटन, दक्षिण आफ्रिका, धंदा मयताच्या घरी तंबू, खुर्च्या व पातेली भाड्याने देणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. लिहिण्यासाठी कोणी दडपण आणलेले नाही. लिहू नये म्हणून मात्र माझा धाकटा भाऊ मोलेफी दर रविवारी येऊन दडपण आणतो, त्याला मी चहा देते आणि परत पाठवते. मंगळवारी इस्पितळात शस्त्रक्रियेसाठी मला भूल देणार आहेत. मला भुलीची काळजी नाही. त्यातून उठले नाही तर रीतीप्रमाणे शनिवारी माझे दफन होईल, आणि त्या दिवशी माझ्याच घराच्या फाटकात माझ्याच माणसांना अडवतील, या विचाराने मला बसवत नाही.

याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मोलेफीला माझ्या नवऱ्याचा कोट दिला होता, तोही रद्द.

कलम एक. घर माझी एकुलती एक मुलगी पुलेंग आणि तिची बायको सिबोंगिले या दोघींना, निम्मे निम्मे. वकिलांनी पहिल्या मसुद्यात ‘मैत्रीण’ लिहिले होते, ते मी खोडले. सरकारी कचेरीत दोघींचे लग्न लागले तेव्हा मी नव्या चपला घालून हजर होते, आणि त्या चपला मला लागत होत्या.

पुलेंगने मला सांगितले तेव्हा मी चुलीपाशी मक्याचे पीठ घाटत होते. ती म्हणाली, “आई, सिबो माझी नुसती मैत्रीण नाही.”

मी म्हटले, “ते दिसतंय मला, आंधळी नाही मी. हे घाटणं धर, गुठळ्या होतील. आणि तिला आत बोलव की, कधीची फाटकापाशी ताटकळतेय.”

पुलेंग रडत रडत घाटत राहिली. गुठळ्या व्हायच्या त्या झाल्याच, आणि आम्ही तिघींनी त्या खाल्ल्या.

मोलेफीला कळले तसा तो तणतणत आला. “ताई, लोक काय म्हणतील? उद्या तुझ्या मयताला हीच माणसं येणार आहेत.”

“येतील तर जेवून जातील. मला कुठं ऐकू येणार आहे?”

“पुलेंग येऊ दे, एकटीनं. ती दुसरी दुखवट्याच्या गादीवर दिसली तर मी हाताला धरून उठवीन.”

तेव्हा पुलेंग म्हणाली, “मामा, मग मी पण बाहेरच. रस्त्यावर उभी राहीन.” ती माझ्या वळणावर गेली आहे, बोलली तसेच करील. इथले लोक मला मापुलेंग म्हणतात, म्हणजे पुलेंगची आई. तिला रस्त्यावर ठेवून ते कोणाला पुरणार आहेत, ते मला कळत नाही.

कलम दोन. गादी. वकिलांच्या लोकांत ही रीत नाही, म्हणून त्यांना समजावे असे लिहिते. घरात मृत्यू झाला की एक खोली रिकामी करून जमिनीवर गादी टाकतात. सर्वांत जवळची बाई दफन होईपर्यंत तिच्यावर बसते, आणि येणारा प्रत्येक जण आधी वाकून तिला भेटतो. गादीवर कोण बसले यावरून लोक ठरवतात की गेलेले माणूस कोणाचे होते. माझ्या गादीवर पुलेंग आणि सिबोंगिले अशा दोघींनी बसायचे आहे.

हे मी उगाच लिहीत नाही. आमच्या गल्लीतली केलेबोने वारली तेव्हा तंबू माझाच होता. लिनेओ आणि ती वर्षानुवर्षे एका घरात राहिल्या, एका ताटात जेवल्या. केलेबोनेच्या आईने लिनेओला खोलीच्या दाराशीच थांबवले. मयताच्या छापील पत्रिकेत भाचरांपर्यंत सगळ्यांची नावे होती, तिचे नव्हते. ती मागे माझ्या पातेल्यांपाशी आली, बाह्या सारल्या आणि घासायला बसली. मी म्हटले, “अगं, त्याला माणसं आहेत माझी.”

“राहू द्या मावशी. इथून तरी मला कुणी उठवणार नाही.”

त्या दिवशी माझा असा संताप झाला की तंबू उपटून घरी न्यावा. दुसऱ्याच्या मयतात तसे करता येत नाही. स्वतःच्या मयतात येते.

कलम तीन. तंबू, खुर्च्या, पातेली आणि चालता धंदा पुलेंगला. पण आधी माझे काम. माझ्या अंगणात माझा तंबू दोघी गादीवर बसल्यावरच ठोकावा. दोघींपैकी एकीलाही कोणी उठवले, तर आता माझ्याकडेच कामाला असलेल्या लिनेओने तंबूच्या दोऱ्या सोडाव्यात. पातेली चुलीवर असली तरी उतरवावीत. मोलेफीच्या पाहुण्यांनी मग उन्हात उभे राहून, उपाशीपोटी माझ्याबद्दल चांगले बोलावे. एव्हाटनचे बाकीचे तंबूवाले त्याला तंबू देणार नाहीत, मी बोलून ठेवले आहे.

(आत्ता गाडी वाजली म्हणून उठून फाटक पाहून आले. मोलेफी नव्हता, पाववाला होता. परत येऊन वरचे वाचले. ‘सोडाव्यात’ मऊ वाटते. ‘सोडल्याच पाहिजेत’ असे वाचावे.)

कलम चार. परसातली खोली भाड्याने देऊ नये. पुलेंगसारखे घरात खरे सांगितले म्हणून ज्यांना घराबाहेर काढले जाते, त्यांच्यासाठी ती आहे आणि राहील. आल्याबरोबर जेवायला वाढावे, प्रश्न नंतर. रडले तर रडू द्यावे, पण खुर्च्यांच्या घड्या घालायला सगळ्यांनी हात लावावा. मागाहून त्यांचे आईबापही येतात, पदरात तोंड लपवत, नाहीतर शिव्या देत. त्यांनाही चहा द्यावा. शिव्या देणारे बहुतेक परत येतात, हे मी पाहिले आहे.

कलम पाच. लग्नात माझ्या सासूने माझ्या खांद्यावर घातलेली घोंगडी सिबोंगिलेची. या घरात ती सुनेला मिळते. गादीवर बसताना तिने ती पांघरावी.

कलम सहा. पुलेंगच्या लग्नाला गेले म्हणून चर्चच्या महिला मंडळाने माझा लाल गणवेश परत मागितला आहे. देऊ नये. मला त्यातच पुरावे.

कलम सात. मोलेफीला काही नाही, असे वर लिहिले. दोनदा उठले, दोनदा बसले. तो लहान असताना त्याला पाठीशी बांधून मी पाणी आणायला जात असे, आणि तो माझ्या मानेवर झोपी जात असे. त्याचे वजन अजून आठवते. मोलेफी, मूर्खा, माझा जीव आहे तुझ्यावर. कोट तुझाच. पण गादीपाशी वाकून सिबोंगिलेच्या हातून घे.

आता सह्या. साक्षीदार दोन लागतात, आणि कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. लिनेओ गेली काही वर्षे माझे तंबू सांभाळते, तिला मी मोठी पातेली लिहून ठेवली होती. ती म्हणाली, “मावशी, पातेली नकोत. मला सही करू द्या. एखाद्या मयताच्या कागदावर तरी माझं नाव येऊ दे.” पातेली खोडली.

एवढ्यात सिबोंगिले आपले पेन घेऊन आली. “आई, मी कुठं सही करू?”

“तू नाही करायची.”

“बरं,” ती म्हणाली. पेनाला टोपण लावले आणि दाराकडे वळली. का, असेही विचारले नाही. ‘तू नाही’ हे तिने इतक्या दारांत ऐकले आहे की आता विचारतच नाही.

मी ओरडले, “अगं वेडे, सही करणाऱ्याला काही मिळत नाही! तुला घर मिळायचंय. बस इथं.”

खुर्ची रिकामी असताना ती जमिनीवरच बसली. मग पुलेंगही तिच्याशेजारी खाली बसली. मी वरून दोघींकडे पाहिले.

“हं,” मी म्हटले, “अश्शाच बसायचं. कुणी आलं तरी उठायचं नाही.”

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचून, कबूल होऊन, प्रत्येक पानाखाली सही केली आहे.

एव्हाटन, माझे स्वयंपाकघर. रविवार, १४ मे.

आडेलिना रामोखेले, पुलेंग आणि सिबोंगिले यांची आई

साक्षीदार:

१. इझाक लेकोआ, शेजारी, शववाहिकेचे चालक

२. लिनेओ मोशाने, केलेबोनेची विधवा