एकशे बारा मेंढरं आणि एकही जंत नाही

ति. नानासो मामा यांना,

साताऱ्याहून साक्षीचा वाकून नमस्कार. लीलामामींनाही तितकाच, कारण हे पत्र तुम्हांला त्याच वाचून दाखवणार. (मामी, कंसातलं तुम्ही मनातल्या मनात वाचायचं. मामांना मोठ्यानं फक्त कंसाबाहेरचं.)

तुमचा खोकला कसा आहे? काळी मेंढी व्याली का? इकडे मी बरी आहे, मेसची आमटीही होती तशीच आहे, म्हणजे ताटलीचा तळ दाखवणारी. पत्र लिहायचं कारण एवढंच की चार्जिंग संपेल या धास्तीनं तुम्ही फोन बंद करून पेटीत ठेवता. तीन आठवडे मी त्या पेटीला फोन करते आहे.

मामा, सुरुवातीलाच सांगते, मी रागावलेली नाही. (मामी, रागावले होते. दोन दिवस जेवले नाही.) पण त्या दिवशी तुम्ही काय केलंत हे तुम्हांला अजून कळलेलं नाही, आणि कळल्यावाचून माझी पीएचडी पुढे सरकत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्हांला आठवत असेल, मी शाळा शिकले ती चालत. दिवाळी झाली की आपला तळ हलायचा, आणि मी नव्या गावच्या नव्या शाळेत जाऊन बसायचे. जाईन तिथं मास्तर ‘सजीव आणि निर्जीव’ शिकवत असायचे. पाच शाळांत मी सजीव आणि निर्जीव हा एकच धडा शिकले. झाडं अन्न कसं तयार करतात हे मला अकरावीत कळलं, तोवर ती आपल्या मेंढरांसाठी उगवतात अशी माझी समजूत होती. शेवटी तुम्हीच मला वसतिगृहात नेऊन टाकलंत आणि म्हणालात, “पोरी, आता मेंढरामागं फिरायचं न्हाई. लय शिक.” मी लय शिकले. बीएस्सी झाले, एमएस्सी झाले, संशोधनाला निवड झाली. तेव्हा आमच्या मॅडमनी मला खोलीत बोलावून विषय दिला : आटपाडी भागातल्या मेंढ्यांच्या पोटातले जंत. सतरा वर्षं शिकून मी पुन्हा मेंढीच्या मागेच उभी राहिले. फरक एवढाच की आता हातात काठीऐवजी प्लास्टिकची पिशवी आहे.

हे मी तुम्हांला सांगितलंच नाही. तुम्ही गावात सांगत सुटला होतात की साक्षी चंद्रावर काहीतरी पाठवते आहे. आणि इकडे कॉलेजात मी आपल्या मेंढरांचं सांगितलं नाही. अर्जात पालकांच्या व्यवसायापुढे मी ‘पशुधन व्यवस्थापन’ असं लिहिलं. ते वाचून सगळ्यांना वाटलं, आमची मोठी डेअरी आहे. आमच्या विभागात आपल्या समाजातली मी एकटीच. बाकीच्यांच्या घरी कोणी ना कोणी प्राध्यापक, डॉक्टर, निदान बँकेत तरी. माझ्या शेजारच्या टेबलावर धवल बसतो. त्याचे वडील प्राध्यापक, आई प्राध्यापक, आजोबाही प्राध्यापक. त्यानं एकदा सगळ्यांसमोर मेंढीची माहिती सांगितली आणि पडद्यावर चित्र दाखवलं शेळीचं. मी गप्प बसले. ती शेळी आहे हे मला कसं कळलं, असं कुणी विचारलं असतं तर? त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

आता त्या दिवसाचं. बाहेरून तज्ज्ञ येणार, मॅडम येणार, आपल्या कळपाच्या लेंड्या गोळा करणार, असं सगळं ठरलेलं. लेंडी मिठाच्या पाण्यात कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. औषध न पाजताही कोणत्या मेंढीला जंत कमी होतात, हे शोधायचं. म्हणून मी निरोप धाडला होता : दोन महिने औषध पाजू नका, पाव्हणे मेंढरं बघायला येणार आहेत. तुम्ही निरोपाचा मागचा अर्धा भाग ऐकलात. भाचीच्या कॉलेजची माणसं येणार आणि मेंढरं रोगट दिसणार? एकशे बाराच्या एकशे बारा मेंढरांना तुम्ही जंताचं औषध पाजलंत. वर त्यांना ओढ्यात धुतलंत, मेंढ्याच्या शिंगांना रंग दिलात, आणि मामींनी पहाटे उठून तळावरची लेंडी न् लेंडी झाडून काढली. आम्ही पिशव्या घेऊन उतरलो तर जमीन एवढी स्वच्छ की धवलनं बूट काढून ठेवले.

मॅडमनी अगदी अदबीनं लेंड्या मागितल्या. तुमचा चेहरा पडला. “आवं, घरी आलेल्या बाईमाणसाला लेंड्या द्यायच्या व्हय?” असं म्हणून तुम्ही त्यांना नवं घोंगडं दिलंत आणि जेवायला बसवलंत. मॅडम शाकाहारी आहेत, मामा. त्यांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि परतीच्या वाटेवर वाईला घरी पोचेपर्यंत पाणी पीत होत्या. नंतर आम्ही कशाबशा लेंड्या जमवल्या. तीन दिवस मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. एक अंडं नाही! इतकी निरोगी मेंढरं अख्ख्या जिल्ह्यात नसतील, आणि इतकं निरुपयोगी संशोधनही.

पण एक सांगायचं राहिलं. ते तज्ज्ञ तुम्हांला म्हणाले होते, कानात नंबर नाहीत, मग मेंढरं ओळखता कशी? तुम्ही म्हणालात, “तोंडावरनं. तुमी तुमची पोरं नंबरावरनं वळखता का?” आणि एकेकीची आई कोण, आजी कोण, कुठल्या साली कुठल्या माळावर व्याली, हे सांगत सुटलात. ते गृहस्थ उभ्या उभ्या लिहून घेत होते. धवलनं मला हळूच विचारलं, हे कोण? मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, माझे मामा. त्या दिवशी माझं काम बुडालं, पण मान वर झाली.

तेव्हा काळजी नसावी. तुमची तब्येत सांभाळा, मामींना कामात जरा हातभार लावा. (मामी, हे दोनदा वाचा.)

तुमची,
साक्षी

ता. क. दसऱ्याच्या आत साठ नमुने दिले नाहीत तर मॅडम मला विषय बदलून देणार आहेत. नवा विषय डास. तुमच्या मेंढरांत अंडी दिसायला अजून वेळ लागेल, आणि दिवाळीनंतर तळ हलेल. जवळपास औषध कधीच न पाजलेला कळप एकच आहे : खरसुंडीच्या माळावर, बिराप्पांचा. (मामी, मामा उठून गेले असतील तर पाणी देऊन परत बसवा. तुमच्याच भावाचं नाव आहे, ठसक्यात वाचा.)

दुसरा ता. क. बिराप्पांनी दिलेला मेंढा चार दिवसांत मेला आणि ‘रोगट जनावर गळ्यात मारलं’ असं तुम्ही भर बाजारात म्हणालात, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, त्याला अकरा वर्षं झाली. मेंढा जंतानंच मेला असणार, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनं तुमचंच बरोबर होतं. तेवढ्यावर भागवा.

तिसरा ता. क. रविवारी मी स्वतः बिराप्पांकडे जाऊन आले. लेंड्या कितीही ने, म्हणाले. पण त्यांचे दोन्ही मुलगे पुण्याला कामाला गेलेत, त्यांचे स्वतःचे गुडघे धरलेत, दोनशे मेंढरं धरायला माणूस नाही. तुम्ही तीन दिवस आलात तरच माझं काम होईल. निघताना खाली बघत त्यांनी विचारलं, “नानासो अजून रागावलाय व्हय गं?” मी सांगून आले, “न्हाई.” मामा, आमच्या धंद्यात एक नोंद खोटी निघाली तर माणूस जन्माचा बाद होतो. मी येत्या सोमवारी सकाळी खरसुंडीच्या स्टँडवर पिशव्या घेऊन उभी आहे.