चौथा उद्गार

९ एप्रिल २०२५, बुधवार
उत्तम शुक्रवारी प्रवचनाला येशूचा वधस्तंभावरचा चौथा उद्गार माझ्याकडे. बीडच्या मंडळीत बावीस वर्षं पाळक आहे, पण हा उद्गार दरवेळी दुसऱ्यावर ढकलला. यंदा सुटका नाही! आपल्या शास्त्रात तिथं 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं आहे. पुण्याहून ग्रीक शिकून आलेल्या प्रियदर्शनीला 'त्याग'चा मूळ शब्द विचारला.

'एन्काटालेइपो,' ती म्हणाली. 'एन् म्हणजे आत, काटा म्हणजे खाली, लेइपो म्हणजे सोडणं. माणूस संकटात रुतलाय आणि त्याला तिथंच ठेवून निघून जायचं. त्याग फार सभ्य झालं, पाळकसाहेब. आपण म्हणतो ना — टाकून दिलं.'

१० एप्रिल
टाकून दिलं. दिवसभर तेवढंच.

११ एप्रिल
लिहितोच. आमचं बाळ जन्मतःच गेलं, तेव्हापासून बायको, अंजना, बोलेना. भिंतीकडे तोंड करून बसायची. मला बघवेना. 'आठ दिवस माहेरी राहा' म्हणून सिरसाळ्याला सोडलं — आणायला गेलोच नाही. चोवीस वर्षं! मंडळी म्हणते, पाळकांनी सेवेसाठी संसाराचा त्याग केला. मी कधी खोडून काढलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
सिरसाळ्याला गेलो. तिचे आईवडील राहिले नाहीत. भाड्याच्या खोलीत शिवणकाम करते. मला बघितलं तशी आत ओढलं, दार लोटलं.

'माफी मागायला आलोय.'

'हळू बोला! तुमी मेलात म्हणून सांगितलंय हितं. टाकलेलीला कुणी खोली देत न्हाई. विधवेला देतात.'

दाराची कडी लावून तिनंच विचारलं,

'आणायला कावून आला न्हाईत?'

'भ्यालो.'

'मी बी भ्यालेच होते. पण मी कुठं पळणार?'

माझा फोन नंबर लिहून ठेवला. मागच्या बोळातून निघालो — तिनंच तसं सांगितलं.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार
सगळ्यांसमोर कबूल करायचं ठरवलं होतं. पण बातमी सिरसाळ्याला पोचली तर तिची खोली जाणार! शब्दाचा अर्थ तेवढा सांगितला. नंतर एकानं हात धरला, 'तुमच्याइतका त्याग कोण जाणतो!' म्हणालो, 'तो त्याग नव्हता.' त्याला माझी नम्रता वाटली.

२० एप्रिल, रविवार
अंजनाचा फोन! शेजारणीनं मला बोळात बघितलं होतं.

'कोण म्हणून विचारलं तिनं. सांगितलं — नवरा हाय, जिता हाय. घरमालकीण म्हणाली, राहा तू. आता आलात तर पुढच्या दारानं या.'