डब्यांच्या तळचा गोळा-भात

काजलचे बाबा,

मी काजलले घेऊन वडनेरले दादाकडं चालली, पहिल्या गाडीनं.

काल तुम्ही न सांगता प्रभाकररावांले जेवाले घेऊन आले. ते तुम्हाले कापसाच्या जिनिंगमधी कामाले लावून देणार, म्हणून. घरात कोथिंबिरीची काडीसुद्धा नव्हती. आठ दिवसांत थैली घेऊन बजारात गेलते का तुम्ही? मी डब्यांच्या तळची चण्याची, तुरीची, मुंगाची डाळ एकत्र वाटून गोळा-भात केला. अन् तुम्ही त्यांच्यासमोर हसून म्हणले, "माफ करा, घरात काईच नाई, म्हणून हिनं हे गरिबाचं खाणं केलं." तो माणूस तीनदा वाढून घेऊन राह्यला होता, तरी तुमचं तोंड चालूच.

जातानी त्यांनी आजच्यासाठी परत तेच मागितलं अन् तुम्ही छाती फुगवून हो म्हणले. तं करा आता. उरलेली डाळ भिजवून ठेवली हाय, तेवढंही तुमच्यानं झालं नसतं. पाट्यावर जाडी वाटजा. तिखट, मीठ, हळद, थोडं तेल घालून मुठीनं गोळे वळजा. भाताचं पाणी आटत आलं का वरून ठेवजा, आधी ठेवले तं फुटतात. वाढतानी वरून कढवलेलं तेल घालजा. तेलाचा डबा कुठं असते, ते लग्नाले नऊ वर्षं झाली, आता तरी शोधजा.

गोळे फुटलेच तं प्रभाकररावांले कालचंच सांगजा, घरात काईच नाई. काल ते खोटं होतं, मी होती. आज खरं हाय.

ज्योत्स्ना